मण कुणाचा, शेर कशाचा? सीमाभागातल्या जुन्या वजनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या रविवार पेठेत एका अडत दुकानी मी बरीच वर्षं वह्या लिहिल्या. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाच्या माळ्यावरून जुनी चोपडी निघाली, सोन्याची चिठ्ठी निघाली, नाहीतर आजीच्या हातची लाडवाची कृती निघाली, की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडूनही पाहुणे कागदाचे फोटो पाठवतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली.

एक मण म्हणजे किती किलो?

कुणाचा मण, ते आधी सांगा. हे ऐकलं की लोक वैतागतात, पण दुसरा इलाज नाही.

सगळ्यात जास्त भेटतो तो पक्का मण. चाळीस शेरांचा, आणि शेर ८० तोळ्यांचा. तो भरतो ३७.३२ किलो. रेल्वेचा माल याच मणावर चाले, म्हणून जुनी माणसं त्याला रेल्वे मणही म्हणतात. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तोळा, शेर, मण हे वजन सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी ठरवून टाकलं ते हेच.

त्याच्या आधी मात्र मुंबई इलाख्याचा व्यापारी मण २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे इंग्रजी पौंड) होता, म्हणजे १२.७० किलो. मद्रासचा २५ रत्तलांचा, ११.३४ किलो. म्हणजे एकाच 'मण' या शब्दाखाली सव्वाअकरा किलोपासून सव्वासदतीस किलोपर्यंत काहीही निघू शकतं. आता आपलं ठिकाण बघा. बेळगाव, धारवाड मुंबई इलाख्यात, बल्लारी मद्रास इलाख्यात, खाली म्हैसूर संस्थान, आणि आमचं शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. व्यापारी या सगळ्यांशी व्यवहार करणार आणि वहीत लिहिणार नुसतं 'मण ५'. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माहीत होतं, तेव्हा फोड करायची गरजच नव्हती.

म्हणून कागद हातात आला की मी तीन गोष्टी विचारतो: गाव कुठलं, माल कुठला, साल कुठलं. तिन्ही मिळाल्या तर निम्मं काम झालं.

वहीत यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर?

मग पोत्यांवरून ओळखा. धान्याच्या वहीत बहुतेक वेळा कुठेतरी पोत्यांची संख्या आणि मण शेजारी शेजारी सापडतात. तागाचं मोठं पोतं साधारण शंभर किलोच्या आसपास भरतं. एका पोत्याला अडीच-पावणेतीन मण पडत असतील तर मण पक्का. सात-आठ मण पडत असतील तर तो मुंबईचा लहान मण. एका वहीवर आम्ही दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो. शेवटी एका पानावर 'जोंधळा पोती ४, मण १०॥' (साडेदहा) अशी नोंद दिसली आणि प्रश्न मिटला. पोत्याला दोन मण पंचवीस शेर, म्हणजे ९८ किलो. पक्का मण.

शेराच्या खाली आणि वर काय काय?

पक्क्या वजनात असं:

शेर = ८० तोळे = ९३३.१ ग्रॅम
अच्छेर = ४० तोळे = ४६६.६ ग्रॅम
पावशेर = २० तोळे = २३३.३ ग्रॅम
नवटाक = १० तोळे = ११६.६ ग्रॅम
छटाक = ५ तोळे = ५८.३ ग्रॅम
पासरी = ५ शेर = ४.६७ किलो
धडा = १० शेर = ९.३३ किलो
मण = ४० शेर = ३७.३२ किलो
पल्ला = १२० शेर = ११२ किलोला थोडा कमी
खंडी = २० मण = ७४६.५ किलो

'धडा' या शब्दापाशी जपून. दहा शेरांच्या वजनालाही धडा म्हणतात, आणि तेल-तूप मोजताना रिकाम्या भांड्याएवढं वजन दुसऱ्या पारड्यात टाकतात, त्यालाही 'धडा करणं' म्हणतात. वहीत 'धडा वजा' दिसलं तर दहा शेर वजा करत बसू नका. ते डब्याचं वजन आहे.

नवटाक हा शब्द आता वेगळ्याच दुकानात ऐकू येतो, ते सोडा.

कन्नड कागदांत हीच मंडळी सेरु, पावु, छटाकु, तोले अशी भेटतात. अक्षर ओळखता आलं की हिशोब तोच.

मंडईत भाजीवाली अजून 'पावशेर' म्हणते. ती २३३ ग्रॅम देते का?

नाही, २५० देते. मीटरची वजनं आली तेव्हा नावं जुनीच राहिली आणि नव्या वजनांना चिकटली. गणपत गल्लीत पावशेर मिरची मागा, पारड्यात पाव किलोचंच वजन पडतं. जुन्या हिशोबाने सतरा ग्रॅम मिरची फुकट. अच्छेर म्हणजे आता अर्धा किलो. बोलण्यात हे चालतं, कुणाचं नुकसान नाही. घोळ होतो तो सोन्यात.

सोन्याचा तोळा दहा ग्रॅमचा की ११.६६ चा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात महागात पडणाराही हाच.

खरा तोळा १८० ग्रेनचा. एक ग्रेन ६४.७९८९१ मिलिग्राम, म्हणून तोळा ११.६६३८ ग्रॅम. हे वजन १८३३ साली कंपनी सरकारने रुपयाच्या नाण्याला जोडून ठरवलं. आजच्या सराफ कट्ट्यावर मात्र 'तोळा' म्हणजे सरळ दहा ग्रॅम. पेपरात भाव दहा ग्रॅमचा छापतात, तोंडाने तोळ्याचा म्हणतात. आज खरेदी करताना दोघंही दहा ग्रॅमच धरत असतील तर बिघडलं काहीच नाही. जुना कागद आणि नवा तोळा एकत्र आले की मग गंमत.

आमच्याच घरातली गोष्ट. आजीच्या पाटल्यांची चिठ्ठी होती, तपकिरी कागद, शाईने लिहिलेलं: 'पाटल्या जोड १, वजन तोळे ४ मासे ३ गुंजा २'. वाटणीच्या वेळी पाटल्या थोरल्या आत्याकडे गेल्या आणि धाकटीला निम्म्या सोन्याचे पैसे द्यायचे ठरले. हिशोब करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पाटल्या काट्यावर ठेवल्याच नाहीत. चिठ्ठी वाचली, सव्वाचारच्या वर थोडे तोळे, तोळा दहाचा, म्हणजे ४२.७ ग्रॅम, असं मांडलं आणि पैसे दिले.

आता नीट मांडू. चार तोळे म्हणजे ४६.६६ ग्रॅम. तीन मासे २.९२. दोन गुंजा ०.२४. एकूण ४९.८ ग्रॅम. सात ग्रॅमचा फरक. धाकट्या आत्याच्या वाट्याचे साडेतीन ग्रॅम गेले. ते लक्षात आलं पुढे पाटल्या मोडायला नेल्या तेव्हा, सराफाच्या काट्यावर. दोघी बहिणी दोन वर्षं एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

तर १९६० च्या आधीची चिठ्ठी असेल तर तोळा ११.६६ चा धरा. अलीकडची असेल तर दहाचा असण्याची शक्यता जास्त. आणि दागिना हातात असेल तर चिठ्ठी बाजूला ठेवून काट्यावर ठेवा की!

किनाऱ्याकडच्या सोयरिकीत 'पवन' ऐकू येतं. तो आठ ग्रॅमचा. मूळ इंग्रजी सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यावरून आलेला. 'दहा पवन घालतो' आणि 'दहा तोळे घालतो' यात वीस ग्रॅमचं अंतर आहे, याद्या करताना विचारून घ्यावं.

गुंज, मासा, वाल यांचं कोष्टक काय?

आठ गुंजा एक मासा, बारा मासे एक तोळा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. गुंज ०.१२१५ ग्रॅम, मासा ०.९७ ग्रॅम. वाल तीन गुंजांचा धरला तर ०.३६ ग्रॅम आणि तोळ्याला ३२ वाल. वालाची फोड सगळीकडे सारखी नव्हती, तेव्हा कागदात तोळ्याला किती वाल ते आतूनच ताडून बघा.

गुंज म्हणजे तीच लाल, डोळ्यावर काळा ठिपका असलेली बी. कन्नडमध्ये गुलगंजी. खानापूरच्या रानात वेल सहज दिसतो. लहान मुलांच्या हातात देऊ नका, बी जहरी असते. सगळ्या बिया एका वजनाच्या नसतात; जुने सोनार निवडून, एकमेकींशी तोलून सारख्या बिया डबीत ठेवत. रानातून आणलेल्या मूठभर बियांनी तोळा जमवायला गेलात तर जमणार नाही.

राशीच्या खड्याची रत्ती आणि गुंज एकच ना?

नावाने एकच, वजनाने नाही. सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, १२१.५ मिलिग्राम. खड्यांच्या बाजारात जी रत्ती चालते ती साधारण १८२ मिलिग्रामची, ०.९१ कॅरेट. कॅरेट मात्र जगभर २०० मिलिग्राम.

ज्योतिषाने सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितला. खड्याच्या रत्तीने तो ४.७८ कॅरेटचा, सोनाराच्या रत्तीने ३.१९ कॅरेटचा. किंमत कॅरेटवर लागते. पावतीवर कॅरेट नाहीतर ग्रॅम लिहून घ्या, रत्ती ज्योतिषापुरती ठेवा. सोन्याचं कॅरेट वेगळंच. ते वजन नव्हे, शुद्धता. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं.

तोंडी हिशोबाला काही सोपी युक्ती?

आहे. दशांश पाठ करू नका.

तीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम. तीन मण म्हणजे ११२ किलो. शेराचे किलो करायचे तर पंधरावा हिस्सा वजा करा: ४५ शेर, वजा ३, झाले ४२ किलो. किलोचे शेर करायचे तर चौदावा हिस्सा मिळवा: २८ किलो, अधिक २, झाले ३० शेर. यातली चूक हजारी एकापेक्षाही कमी आहे. धान्याला, गुळाला पुरेशी. सोन्याला ११.६६३८ नेच गुणा.

क्विंटलचा मण विचाराल तर १०० किलो म्हणजे २ मण २७ शेर १३॥ तोळे.

चांदीचा जुना रुपया वजन म्हणून वापरता येतो?

पूर्वी वापरतच होते. राणीछाप, राजाछाप रुपया बरोबर एका तोळ्याचा पाडलेला. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर. पाच रुपयांची छटाक. चांदीची पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, पाव तोळ्याची, म्हणजे बरोबर तीन मासे, २.९२ ग्रॅम.

झिजलेलं नाणं मात्र हलकं भरतं. घरात दहा रुपये असतील तर किराणा दुकानाच्या काट्यावर एकत्र ठेवा. नवे असते तर ११६.६ ग्रॅम भरले असते. जेवढे कमी तेवढी झीज. गळ्यात घालायला कडी लावलेला रुपया यात धरू नका.

एक पायली म्हणजे किती किलो?

पायली हे वजन नाही, माप आहे. तिथेच सगळ्यांचं चुकतं. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण, वीस मण खंडी. हा शेर आणि हा मण मापाचा. वजनाच्या शेराशी त्याचं फक्त नाव जुळतं. काही गावांत मण बारा पायल्यांचाही होता.

मापातून किलो काढायचे तर आत काय आहे ते महत्त्वाचं. लिटरभर तांदूळ साधारण ८०० ग्रॅम भरतो, तेवढंच भात (साळ, तुसासकट) ६०० च्या आत-बाहेर. खानापूरकडच्या कुळाच्या कागदात 'भात खंडी २' दिसलं आणि तुम्ही ७४६ ने गुणलंत, तर उत्तराला काही अर्थ नाही.

घरात जुनं चिपटं असेल तर उत्तम. तेच धान्य शिगेसकट (काठाच्या वर रास येईपर्यंत) भरा, वजन करा, सोळाने गुणा. पायलीचे किलो मिळाले. शिगेसकट की शीग मारून, हाही वादाचाच मुद्दा. देताना शीग मारायची आणि घेताना शिगेसकट घ्यायचं, हा सावकारी धर्म.

कापसाची खंडी आणि धान्याची खंडी एकच का?

अजिबात नाही. कापसाची, म्हणजे सरकी काढलेल्या रुईची खंडी ७८४ रत्तलांची, ३५५.६२ किलो, बाजारात ३५६ धरतात. १७० किलोच्या दोन गाठी आणि वर थोडी. ही अजून जिवंत आहे: बैलहोंगलचा शेतकरी कापूस क्विंटलवर विकतो, पण जिनिंगवाला रुईचा भाव खंडीवर बोलतो. मुंबईची जुनी व्यापारी खंडी २५४ किलोची, मद्रासची २२६.८ ची, पक्क्या मणाची ७४६.५ ची. चार खंड्या झाल्या, आणि पाचवी मापाची वर सांगितलीच.

रत्तल म्हणजे काय? औंस, हंड्रेडवेट?

रत्तल म्हणजे पौंड, ४५३.६ ग्रॅम, ३८.९ तोळे. आमच्याकडे बेकरीतल्या पावाला म्हातारी माणसं अजून रत्तलात मोजतात. ३५ पक्के शेर म्हणजे बरोबर ७२ रत्तल; हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचं आपोआप निघतं.

औंस दोन. किराण्याचा २८.३५ ग्रॅमचा, सोन्या-चांदीचा ३१.१० चा. परदेशातला सोन्याचा भाव दुसऱ्या औंसावर असतो. दहा तोळ्यांचं बिस्कीट याच औंसाने बरोबर पावणेचार भरतं.

हंड्रेडवेट ११२ रत्तलांचं, ५०.८ किलो. वर पल्ला ११२ किलोचा आला होता. दोन्ही ११२ पाहून एका गृहस्थांनी पल्ला म्हणजेच हंड्रेडवेट असं ठरवून अख्खी वही उलगडली होती. सगळे आकडे निम्म्याहून कमी आले.

जुना इंग्रजी टन १०१६ किलोचा. उसाचा आजचा टन हजाराचा.

आजीच्या कृतीत '२॥ शेर' असं लिहिलंय. ते दोन दंड काय आहेत?

तो अर्धा. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. २॥ म्हणजे अडीच, १। म्हणजे सव्वा, १॥। म्हणजे पावणेदोन. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हे दिसताक्षणी कळे.

शेजारच्या मुलीने 'रवा २॥ शेर, साखर १॥। शेर, तूप १। शेर' यातले दंड पूर्णविराम समजून दोन, एक, एक शेर घेतलं. लाडू वळेनात. खरं प्रमाण रवा २ किलो ३३३ ग्रॅम, साखर १ किलो ६३३, तूप १ किलो १६६ असं होतं. दंड जुन्या शाईत पुसट होतात, म्हणून भिंगातून बघा.

वैद्यांच्या कागदातला तोळा?

आयुर्वेदाच्या सरकारी ग्रंथात सोयीचे आकडे ठरवले आहेत: गुंज १२५ मिलिग्राम, मासा १ ग्रॅम, कर्ष म्हणजे तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम. सोनाराच्या तोळ्यापेक्षा थोडा जास्त. पातळ द्रव्यांना काही मापं दुप्पट धरायची रीत आहे, म्हणून औषध घरी बनवण्याआधी वैद्यांना विचारा. जुन्या इंग्रजी औषधांचे ग्रेनही असेच गेले. ५ ग्रेनची ॲस्पिरिनची गोळी म्हणजे आजची ३२५ मिलिग्रामची.

गोव्याकडून आलेल्या कागदात 'आरोब' आहे.

पोर्तुगीज वजन, १४.६९ किलो. चार आरोबांचा त्यांचा जुना क्विंटल, ५८.७५ किलोचा. शंभरचा धरू नका.

शेर-तोळे बंद कधी झाले? आज बिल तोळ्यात चालतं का?

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्याच वर्षी मीटरच्या वजनांचा कायदाही झाला. एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने लागू झाला, १९६२ पासून वजनात दुसरं काही चालेना. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीने पाच-सहा वर्षांत राज्य, पैसा आणि तराजू तिन्ही बदललेले पाहिले. राज्याचं भांडण अजून चालू आहे. किलोबद्दल मात्र कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही.

सध्या २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. बिलात ग्रॅम-किलोच हवेत. सराफ तोंडाने काहीही म्हणो, पावतीवर ग्रॅम आहेत ना ते बघा.

माळ्यावर लोखंडी आणि पितळी वजनं सापडली, वर काही कोरलेलं नाही. कसली ओळखायची?

आधी गंज झाडून, पाण्याने धुऊन, वाळवून काट्यावर ठेवा. ४६० च्या पुढे भरलं तर अच्छेर, २३० च्या आसपास पावशेर, साडेचारशेच्या जरा वर असेल तर रत्तल. अच्छेर आणि रत्तल यांत फक्त १३ ग्रॅमचं अंतर आहे, म्हणून गंजलेल्या वजनावरून पैज लावू नका. उलटं करून तळही पाहा. तिथे खळगा करून शिसं ओतलेलं असतं. वजन बरोबर भरावं म्हणून. शिसं पडून गेलं असेल तर आकडा कमीच येणार.

माझ्याकडे असंच एक पितळी वजन आहे, आजोबांच्या दुकानातलं. ३१६ ग्रॅम भरतं. अच्छेर नाही, पावशेर नाही, रत्तलही नाही. बरीच वर्षं मी त्याला खोटं वजन समजत होतो आणि आजोबांबद्दल थोडी शंकाही धरून होतो. मग एकदा २८ रत्तलांच्या मणाला चाळीसने भागून पाहिलं. ३१७॥ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर, दीड ग्रॅम झिजलेला.